अवलंबनाची खूण : जावा भाषेतील ॲनोटेशनचा इतिहास

आज्ञावलीतील पत्रे पाठविणाऱ्या घटकास पत्त्यांच्या नोंदी ठेवणारा घटक लागतो. तो त्याने स्वतः निर्माण करावा, की बाहेरून कोणी आणून द्यावा? या दुसऱ्या पद्धतीस मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ मधील लेखात ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव दिले. पद्धत मात्र त्यापूर्वीच रुजू लागली होती. रॉड जॉन्सन यांच्या २००२ सालच्या ग्रंथातील कल्पनांतून वाढलेल्या ‘स्प्रिंग’ची १.० आवृत्ती मार्च २००४ मध्ये निघाली.

प्रारंभी कोणास काय पुरवावयाचे, हे ‘एक्सएमएल’च्या स्वतंत्र धारिकेत लिहीत. त्यामुळे मूळ आज्ञावली स्वच्छ राही. परंतु आज्ञावलीतील नाव बदलले आणि धारिकेतील तसेच राहिले, तर ती चूक आज्ञावली चालू करीपर्यंत कळत नसे. कान्ह्यासारख्या लहान स्थानकावरून जाणाऱ्या वाघिणीचे गंतव्यस्थान केवळ दूरच्या कचेरीतील वहीत असावे, वाघिणीवर चिठ्ठी नसावी, तसाच हा प्रकार.

सप्टेंबर २००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीने ॲनोटेशनची सोय केली आणि चिठ्ठी वाघिणीवर लागली. २००७ साली गूगलमधील बॉब ली यांच्या ‘ग्वाइस’ने ‘इन्जेक्ट’, तर स्प्रिंग २.५ ने ‘ऑटोवायर्ड’ ही खूण वापरली. भाषाभ्यासकास येथे विभक्तिप्रत्ययाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही : संबंध दर्शविणारे चिन्ह शब्दालाच जडले. तथापि, जी आज्ञावली कोणत्याही चौकटीची मिंधी असू नये म्हणून हा सारा खटाटोप, तिच्या अंगावरच आता चौकटीचे नाव कोरले गेले! हा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. चौकट बदलावयाची तर प्रत्येक खूण बदलणे प्राप्त होते.

त्यावर तोड निघाली ती ऑक्टोबर २००९ मध्ये. ली व जॉन्सन या प्रतिस्पर्ध्यांनीच पुढाकार घेऊन ‘जेएसआर ३३०’ हे समान प्रमाण सिद्ध केले. खुणेचा शब्द सर्वांचा एक झाला. पुरवठा कसा करावा, हे ज्याच्या त्याच्याकडे राहिले.

पुढे २०१६ मध्ये स्प्रिंग ४.३ ने, घटकास एकच रचनाकृती असेल तर तीवरील खूण गाळण्याची मुभा दिली. मराठीतही ‘मुलाला पाहिले’ म्हणतात, पण ‘पुस्तक वाचले’ येथे कर्मास प्रत्यय लागत नाही. संदर्भानेच काम भागते. एकाच जागी दोन घटक संभवत असतील, तेथे मात्र कोणता हवा हे सांगणारी ‘नेम्ड’सारखी खूण आजही उपयोगी पडते.