हलके ओझे, नेटका वेष

प्रवासास निघालेल्या माणसाची योग्यता त्याच्या सामानावरून ठरविण्याची रीत जगात सर्वत्र आढळते. ज्याच्यामागे पेट्या अधिक तो मोठा, हा हिशेब राजेरजवाड्यांनी रूढ केला आणि सामान्य जनांनीही तो निमूटपणे मान्य केला. परंतु पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन महालांचा इतिहास पाहू लागल्यास निराळाच निष्कर्ष हाती येतो. या वाटांनी ज्यांच्या येण्याची गावोगाव वाट पाहिली गेली, ते थोडक्या सामानानिशी आले, आणि तरीही मुक्कामी त्यांच्या रूपात काही उणे दिसले नाही. हे त्यांस कसे साधले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या वाटसरूंत पहिला मान अर्थातच देवाचा. दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात तेथील देऊळ पाडले गेले, आणि भाविकांनी देवाचे लिंग नदीपलीकडे डिचोली महालात आणले. सभामंडप, कोरीव खांब, पिढ्यान्‌पिढ्यांचे वैभव, यांपैकी काहीही पाठीवर घेण्याजोगे नव्हते. ज्यावाचून देव देव राहत नाही, तेवढेच उचलले गेले. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्वे येथे या देवाचे मंदिर बांधविले, आणि त्याची साक्ष देणारा शिलालेख तेथे आहे. एका लिंगानिशी निघालेल्या देवाभोवती देऊळ पुन्हा उभे राहिले. ज्याचा त्याग करता येत नाही तेवढेच बरोबर घ्यावे, हा हलक्या प्रवासाचा पहिला नियम आमच्या पूर्वजांनी असा संकटात शिकून घेतला.

दुसरा धडा राजकीय हद्दीने दिला. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. तत्पूर्वी हे दोन्ही प्रांत सावंतवाडीच्या राज्याचे. तेव्हा सोयरिकी, कुळदेव आणि जत्रा हद्दीच्या दोन्ही बाजूंस राहिल्या आणि मध्ये जकातनाके आले. नाक्यावरील शिपायाची नजर माणसाच्या तोंडाआधी त्याच्या गाठोड्यावर जाते, हे कायद्याचा व्यवसाय करणाऱ्या आम्हांस निराळे सांगावयास नको. जितकी गाठोडी, तितके प्रश्न. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती हद्द इतिहासजमा झाली. पण हद्दीच्या काळातही जे दोन्हीकडचे राहिले, त्यांत दशावताराचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की दशावतारी मंडळी गावोगाव हिंडू लागत. मोचेमाडकर, पार्सेकर, चेंदवणकर ही सिंधुदुर्गातील मंडळांची नावे पेडण्याच्या घरोघरीही परिचित आहेत. एका गावचा खेळ पहाटे दहीकाल्याने संपवावयाचा आणि रात्रीपर्यंत दुसरे देऊळ गाठावयाचे, असा त्यांचा क्रम. मोटारी नव्हत्या त्या काळी ही वाट पायीच तुडवावी लागे, आणि मंडळाचे सारे ऐश्वर्य एका पेटाऱ्यात मावून हमालाच्या डोक्यावरून चाले. राजाचा टोप, भरजरी अंगरखे, स्त्रीभूमिकेची लुगडी व गंगावन, गणपतीचा मुखवटा, रंगांच्या डब्या, एवढाच काय तो संसार! या पेटाऱ्याची पूजा होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सामान थोडे असले की ते पूजनीय होते. ढीग झाला की त्याची अडगळ होते.

रंगमंचावर म्हणाल तर एक बाकडे. तेच इंद्राचे सिंहासन आणि तेच वनातील शिळा. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. संहिता तर मुळी नाहीच. आख्यान ठरले की संवाद नटाच्या जिभेवर, म्हणजे नाटकाचे पुस्तकदेखील ओझ्यात नाही. रंगभूषाही प्रत्येकाने स्वतःची स्वतः करावयाची. दिवसभर चालून आलेला, पायावर धूळ असलेला मनुष्य देवळाच्या एका कोपऱ्यात आरशापुढे बसतो, सफेदा आणि काजळ लावतो, टोप चढवतो, आणि उठतो तेव्हा तो दुर्योधन असतो. स्त्रीभूमिका करणारा नट त्याच घटकाभरात पदर सावरीत द्रौपदी होऊन येतो. हे रूप त्यास पेटाऱ्याने दिले असे म्हणणे अर्धसत्य होईल. पेटाऱ्याने वस्त्र दिले. रूप दिले ते चालण्याच्या ऐटीने, शब्दफेकीने आणि त्या मोजक्या वस्त्रांची निगा राखण्याच्या शिस्तीने. बदलावयास दुसरा जोड नाही म्हटल्यावर आहे तोच जपण्यावाचून गत्यंतर नसते. विपुलतेत माणूस निष्काळजी होतो आणि थोडकेपणात नेटका होतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दशावताऱ्याचा थाट रात्रीपुरता. टवटवी पाहावयाची असेल तर डिचोली महालातील शिरगावी वैशाख शुद्ध पंचमीस जावे. श्रीदेवी लईराईचे धोंड तेथे हजारोंच्या संख्येने जमतात. आधी काही दिवस त्यांनी व्रत पाळलेले असते. आहार शुद्ध, आचार सोवळा आणि स्नानावर कटाक्ष. जत्रेस येताना धोंडाच्या अंगावर सोवळे, गळ्यात माळा आणि हातात लोकरीच्या रंगीत गोंड्यांनी सजविलेला वेत. उष्मा असह्य झालेला वैशाख, गर्दी अपार आणि रात्रभर जागरण, तरीही तळीत स्नान करून ओलेत्याने निघालेला धोंड प्रसन्न दिसतो. भोवती मोगऱ्याच्या कळ्यांचा दरवळ असतो, कारण हीच फुले देवीस प्रिय. पहाटे होमखंडातील निखाऱ्यांवरून जाताना त्याच्यापाशी वेताखेरीज काही नसते. थाट येथेही आहेच. गोंड्यांचे रंग निवडण्यात हौस आहे, माळ घालण्यात डौल आहे. पण हा थाट स्नानानंतरचा आहे, स्नानाऐवजीचा नाही. ताजेपणा पाण्यातून आणि संयमातून येतो, शोभा त्यावर चढते, हा क्रम आमच्या जत्रांनी कधी उलटा होऊ दिला नाही.

आज पेडणे महालातच मोप येथे विमानतळ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ज्या मुलखातून पेटारा डोक्यावरून गेला, तेथे आता देशांतर्गत उतारूस हातातील पिशवी बहुधा सात किलोंच्या आत ठेवावी लागते. पूर्वी जे काम व्रताने केले ते आता तराजू करतो, असे विनोदाने म्हणता येईल. या नियमास कंटाळणाऱ्यांनी दशावताऱ्याचे स्मरण करावे. धुऊन रात्रीत वाळेल असे वस्त्र, एक चांगला जोड आणि स्नानाची सवय, एवढ्यावर माणूस कोठेही शोभून दिसतो.

मात्र आमची खरी चिंता उतारूंविषयी नाही, पेटाऱ्याविषयी आहे. आता मंडळे वाहनांतून जातात, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. नटाचे पाय वाचले, हे चांगलेच झाले. पण वाहनात जागा आहे म्हणून सामानही वाढू लागले आहे. ट्रिकसीनचे दशावतार लोकप्रिय होत आहेत. दिव्यांची करामत, यंत्रे आणि देखावे यांनी प्रेक्षक दिपतो हे खरे; परंतु या साऱ्याचा खर्च शेवटी जत्रेच्या बिदागीतून निघावयाचा. मोठ्या देवस्थानांस तो झेपेल. वाड्यावरच्या लहानशा देवळाने काय करावे? एका बाकड्यावर स्वर्ग उभा करण्याचे सामर्थ्य होते म्हणूनच दशावतार गरिबातल्या गरीब देवाच्या अंगणात पोहोचला. ते सामर्थ्य गेले तर कला राहील, पण ती निवडक अंगणांपुरती राहील.

म्हणून देवस्थान समित्यांस आमची विनंती अशी की, वर्षाच्या खेळांपैकी एक तरी खेळ जुन्या पद्धतीने, पेटारा, बाकडे आणि तीन वाद्ये यांवर ठरवावा, आणि नव्या पिढीस तो मुद्दाम दाखवावा. लिंग घेऊन नदी ओलांडणाऱ्यांनी काय उचलावे आणि काय मागे ठेवावे हे नेमके ओळखले होते. त्यांच्या वंशजांस तेवढा विवेक उरला आहे किंवा नाही, याची परीक्षा पेटाऱ्याच्या वजनावरून होणार आहे.