चालक कोठें गेले?

सन २०२१ च्या सप्टेंबरांत ब्रिटनमधील पेट्रोलपंपांपुढें मोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या. देशांत तेलाचा दुष्काळ नव्हता. साठ्याच्या टाक्यांत तें पुरेसें होतें. उणीव होती ती तें पंपापर्यंत पोंचविणाऱ्या माणसांची. मालवाहतूकदारांच्या संघटनेनें ही उणीव सुमारें १,००,००० चालकांची असल्याचें सांगितलें, आणि मग जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवूं लागला.

युरोपीय संघ सोडल्याचेंच हें फळ, असें एका पक्षाचें म्हणणें पडलें. सरकारनें कोविडच्या सांथीकडे, आणि स्वस्त परदेशी मजुरीवर विसंबणाऱ्या मालकांकडे बोट दाखविलें. वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांनीं वाहतूकदारांच्या एका संघटनेवर घबराट पसरविल्याचा ठपका ठेवला. गरजेबाहेर टाक्या भरून घेणाऱ्या सामान्य गृहस्थालाहि बोल लागलाच.

या प्रत्येक आरोपांत सत्याचा कांहीं अंश होता. १ मे २००४ रोजीं पोलंडसारखे देश युरोपीय संघांत आल्यापासून तिकडील चालक ब्रिटनमध्यें मुक्तपणें येत. १ जानेवारी २०२१ पासून तो मार्ग बंद झाला. सांथीच्या काळांत परवान्याच्या हजारों चाचण्या राहून गेल्या. एप्रिल २०२१ मध्यें करनियम बदलल्यामुळें कित्येक कंत्राटी चालकांची प्राप्ति घटली. परंतु जर्मनी व पोलंड हे देश तर संघांतच होते. तरीहि चालकांची ओरड तेथेंहि होतीच. तेव्हां दुखणें याहून जुनें होतें.

तें दुखणें चालकाच्या दिनक्रमांत होतें. नियमानें दिवसाचे नऊ तास चाक हातीं. शिवाय गोदामांच्या दारांत माल उतरण्याची वाट पाहणें वेगळेंच. रात्रीची झोंप गाडीच्या खोपटांत, अन् स्नानाची व शौचाची सोय मिळाली तर दैव! परवान्यासाठीं पदरचे पैसे मोडून शिकावें, आणि पगार मात्र इतर साध्या कामांहून फारसा अधिक नाहीं. अशा धंद्यांत तरुण येईनात, आणि केंस पिकलेली पिढी निवृत्त होऊं लागली.

सरकारनें ५,००० परदेशी चालकांना तात्पुरते परवाने देऊं केले. ४ ऑक्टोबरपासून लष्कराचे जवान तेलाच्या गाड्यांवर बसविले. पण सर्वांत बोलका उपाय तिसरा होता. जड वाहनांचा परवाना बाळगणाऱ्यांना, 'पुन्हां कामावर या', अशी विनंती करणारीं जवळजवळ दहा लाख पत्रें धाडण्यांत आलीं. त्यांतील कित्येक वृद्ध असतील, कित्येक चाकावर असतीलहि. तरी परवाना खिशांत ठेवून दुसऱ्या कामाला लागलेल्यांची संख्या लहान नव्हती. माणसें होतीं, त्या अटींवर राबण्यास तीं राजी नव्हतीं. पुढें पगार वाढले, चाचण्या सुरळीत झाल्या, तशी ओरडहि ओसरली.

याच देशांत जानेवारी १९७९ मध्यें मालमोटारींच्या चालकांनीं संप केला होता. तेव्हां बंदरांत माल अडला, राष्ट्राचा रोष चालकांवर कोसळला, आणि अखेर पगारवाढहि मिळाली. त्या वेळीं ते एकजुटीनें उभे राहिले, म्हणून दोषी ठरले. पुढील पिढींतले एकेकटे, मुकाट्यानें निघून गेले. त्यांचें जाणें कोणाच्या कानींहि आलें नाहीं. पंप कोरडे पडले तेव्हांच त्यांची आठवण झाली. आणि दोषारोपांच्या त्या गदारोळांत एक नांव मात्र क्वचितच उच्चारलें गेलें: माल दारांत वेळेवर हवा, पण वाहतुकीचें मोल नको, अशी संवय जडलेल्या समाजाचें.