कोठडीतील मनुष्य आणि त्याचा वकील

पोलिसांच्या ताब्यातील मनुष्यास वकिलाची भेट मिळावी, हे आज आपणांस स्वाभाविक वाटते. परंतु त्यासाठी भांडावे लागले, आणि त्या भांडणाचे एक प्रकरण मुंबईत घडले आहे.

सन १८९८ च्या फौजदारी संहितेचे कलम ३४० आरोपीस वकिलामार्फत बचाव करू देई. पण कोर्टापुढे उभे राहिल्यावर. कोठडीत असताना काय, याविषयी कलम मूक होते. इव्हान्स नामक गृहस्थास अपहाराच्या आरोपावरून एडन येथे पकडून मुंबईस आणले. (एडन त्या काळी मुंबई सरकारच्या अमलाखाली होते.) पोलिसांनी त्याच्या वकिलास भेट नाकारली. पोलिसांना तसा हुकूम देण्याचा आपणांस अधिकारच नाही, असे सांगून मॅजिस्ट्रेटनेही हात झटकले. मुंबई हायकोर्टाने १९२६ साली निराळा निर्णय दिला. न्यायमूर्ती माडगावकर यांच्या मते तयारीची संधी दोन्ही पक्षांस सारखीच हवी. म्हणून वकिलाशी बोलण्याची मुभा कोठडीतही असलीच पाहिजे.

पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घटना समितीपुढे नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटक झालेल्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा मूलभूत हक्क त्याने दिला. स्थानबद्धांना मात्र यातून वगळले; ही उणीव लहान नव्हे.

हक्क आला, पण गरिबाने वकील आणावा कोठून? आणि लज्जेचे काय? माझ्या एका माजी विद्यार्थ्यास चोरीच्या संशयावरून नेले, तेव्हा आपल्याच ज्ञातीतील वडीलधारे म्हणाले, "मास्तर, वकील केला तर लोक म्हणतील, पोराने चोरी केलीच." मीही गप्प बसलो. पोरगा दोन दिवसांनी निर्दोष सुटला. त्या दोन दिवसांविषयी तो आजतागायत बोललेला नाही.

पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातील पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पैकी पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बाईंच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने १९८३ साली आदेश दिला, की अटक होताच पोलिसांनीच जवळच्या कायदा साहाय्य समितीस कळवावे व समितीने सरकारी खर्चाने मदत द्यावी. कळविण्याचा भार असा प्रथमच पोलिसांवर आला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तर कोठडीतील कोणाही व्यक्तीस, तिची मिळकत न पाहता, मोफत वकील देऊ केला. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो. तो नातलगानेही नेऊन दिला तरी चालतो.