वाक्प्रचाराचा तिसरा रकाना

आजोबा नागपूरहून भिलाईला गेले तेव्हा तिथला पोलाद कारखाना उभा राहत होता. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. आमच्या घरी मात्र गोष्टी निघायच्या त्या आजोबांच्या वहीच्या. कामावर बंगाली, तेलुगू, पंजाबी, छत्तीसगढी माणसं, शिवाय रशियन तज्ज्ञ आणि त्यांचे दुभाषे. साहेबांची बोली इंग्रजी. नवा इंग्रजी वाक्प्रचार कानावर पडला की आजोबा तो टिपून ठेवत आणि भेटेल त्याला विचारत.

'ब्रेक द आइस' म्हणजे अनोळखी माणसांतला संकोच मोडणं, हे त्यांना पाठ होतं. पण मे महिन्यात भाजून काढणाऱ्या भिलाईत त्यातला बर्फ उमगणार कसा? एका रशियन दुभाष्याने सांगितलं: हिवाळ्यात आमच्या नद्या गोठतात, पुढचं जहाज बर्फ फोडतं तेव्हा मागच्यांना वाट मिळते.

'बीट अबाउट द बुश'चा उलगडा केला तो एका छत्तीसगढी खलाशाने, म्हणजे कारखान्यातल्या मदतनीस मजुराने. त्याला इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं. साहेबांच्या शिकारीला त्याच्या वडिलांना हाक्यासाठी धरून नेत. काठ्यांनी झुडपं बडवायची, आरडाओरडा करून जनावर उठवायचं. बंदूक मात्र दुसऱ्याच्या हातात. इंग्लंडात अशी झुडपं पाखरांसाठी बडवत, पण काम तेच: भोवती बडवत राहायचं, सावजाला हात घालायचा नाही. म्हणून मुद्द्याला हात न घालता बोलत राहण्याला हे शब्द आले. त्या खलाशाचं नाव घेताना आजोबांचा आवाज आदराने भरून येई.

'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट' कुणाला समजावावंच लागलं नाही. रेल मिलमध्ये सुमारे बाराशे अंशांना तापवलेला पोलादी ठोकळा थंड पडला की त्याचा रूळ होत नाही. रशियनांकडे हीच म्हण होती, हिंदीतही होती. आजी म्हणायची, तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यावी.

आज मुलांच्या वह्यांत डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, एवढंच दिसतं आणि मला वाईट वाटतं. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे, तिसरा रकाना आखा. वाक्प्रचारातलं काम मुळात कोण करत होतं, ते त्यात मुलांना लिहू द्या. आणि त्यासाठी आधी घरातल्या, शेजारच्या राबलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला पाठवा.