बालचित्रवाणी ते टिलीमिली



वर्गात मोबाईलवर, टीव्हीवर धडे दाखवतात, ते आजचं नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेने दिलेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही दिसला. सकाळी शाळेतल्या मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी शेती-आरोग्य. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता.

आपली बालचित्रवाणी १९८४ साली पुण्यात सुरू झाली. तिचे मराठी कार्यक्रम दूरदर्शनवरून शाळांपर्यंत पोचू लागले. पण ठरलेल्या वेळी लाईट गेली की तो धडा हुकला. कुणा पोराला कळलं नाही, तरी चित्र पुढे जायचं. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली.

२०२० साली कोरोनाने शाळा बंद पडल्या. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागू लागली. पण ३ जूनच्या निसर्ग वादळात आपल्या दापोली-मंडणगडचे विजेचे खांब आडवे झाले होते. कित्येक वाड्यांत बरेच दिवस वीज नव्हती. टीव्ही घरात असून काय उपयोग?

आज व्हिडिओ थांबवता येतो, पुन्हा लावता येतो. पाच आंबे दिसले की थांबवावं, मुलांना पाच चिंचोके मोजायला लावावेत, मग पुढे जावं. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. पुढच्या सभेत दोन प्रश्न विचारा: शाळेचं लाईटबिल भरलंय का? आणि व्हिडिओ चालू असताना मुलांजवळ कोण बसतं?