रुग्णालय-पुनर्बांधणी, भूकंपोत्तर

भूकंपात पडलेले वा निकामी झालेले रुग्णालय पुन्हा उभारण्याचे स्थापत्यकार्य. इमारत उभी राहिली की अभियंत्याचे काम झाले, हा निकष घरांना पुरतो. रुग्णालयाला तो अपुरा आहे; भूकंपाच्या त्याच रात्री तिथली शस्त्रक्रियागृहे चालू राहिली का, हे पाहावे लागते. कॅलिफोर्नियातील सिल्मार येथील ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय दोनदा हादरले आणि त्यामुळे हा फरक जितका स्पष्ट झाला, तितका क्वचितच कुठे झाला असेल.

९ फेब्रुवारी १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात या रुग्णालयाची नवीकोरी मुख्य इमारत निकामी झाली. वरचे मजले कातर भिंतींमुळे ताठ होते, तर तळाचा भार नुसत्या खांबांवर होता; साहजिकच सारी हालचाल तळात एकवटली. साध्या रिंगा घातलेले कोपऱ्यातले खांब फुटले. स्पायरल सळईने वेढलेल्या खांबांचे बाहेरचे काँक्रीट गळून पडले, पण आतला गाभा टिकला आणि इमारत कोसळायची वाचली. तिथे तिघे दगावले. त्यांतले दोघे ढिगाऱ्याखाली सापडले नव्हते. त्यांची जीवरक्षक यंत्रे वीज गेल्याने बंद पडली होती. सांगाड्याबरोबर सेवाही टिकायला हव्यात, हा धडा तेव्हा पुरेसा गांभीर्याने घेतला गेला नाही, असे पुढचा इतिहास पाहून म्हणावे लागते.

नवी सहा मजली इमारत १९८७ मध्ये सुरू झाली. खाली काँक्रीटच्या, वर पोलादी पत्र्याच्या कातर भिंती. बळकटीत कसलीही कसर नव्हती. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात छतावर गुरुत्वत्वरणाच्या दुपटीहून अधिक धक्का नोंदला गेला, तरी सांगाडा शाबूत राहिला. मात्र स्प्रिंकलरचे आणि पाण्याचे नळ तुटले, मजल्यांवर पाणी साचले आणि रुग्णांना हलवावे लागले. त्याच भूकंपात लॉस एंजेलिसमधील यूएससी विद्यापीठ रुग्णालय चालू राहिले. त्याचा पाया रबरी बेअरिंगांवर विलग केलेला होता, म्हणजे जमिनीचा धक्का इमारतीत पूर्ण जोराने पोचत नव्हता. आवारातल्या जमिनीवर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.४९ पट त्वरण नोंदले गेले, छतावर ०.२१ पट.

म्हणून रुग्णालय पुन्हा बांधताना त्याचा पाया असा विलग करावा. यावर पहिला आक्षेप असा की, ऑलिव्ह व्ह्यूत तुटले ते नळ. मग नळांनाच आधार द्यावा, पायापर्यंत कशाला जावे? हे अर्धे खरे आहे. यंत्रे व नळ पक्के बांधणे स्वस्त असून ते केलेच पाहिजे. पण ताठ इमारतीत वरचे मजले जमिनीपेक्षा जास्त हादरतात, त्यामुळे प्रत्येक आधारावरचा भार वाढतो आणि एकाने दगा दिला तरी पाणी खाली येते. दुसरा आक्षेप खर्चाचा. रुग्णालयात सांगाड्याचा खर्च हा एकूण खर्चाचा लहान हिस्सा असतो. पैसा यंत्रांत, वाहिन्यांत आणि उपकरणांत अडकलेला असतो. सांगाड्यावरची काटकसर नेमकी तीच मालमत्ता धोक्यात घालते. तिसरा आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो: मेक्सिको सिटीसारख्या खोल, मऊ मातीवर जमीन संथ लयीत हलते आणि विलग पाया त्या लयीशी जुळून उलट जास्त झुलू शकतो. शिवाय विलग इमारतीला हलता यावे म्हणून तिच्याभोवतीचा मोकळा चर कायम रिकामा ठेवावा लागतो, आणि तो ओलांडणाऱ्या प्रत्येक नळाला लवचिक जोड द्यावा लागतो. अडगळीने बुजलेला चर म्हणजे पाण्यात गेलेला खर्च.

तुर्कस्तानने २०१३ मध्ये तीव्र भूकंपक्षेत्रांतील मोठ्या नव्या रुग्णालयांना विलग पाया सक्तीचा केला. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात इस्केंदेरून येथील सरकारी रुग्णालयाची जुनी इमारत कोसळली. विलग पायाचे अदाना शहर रुग्णालय चालू राहिले. २००१ च्या भूकंपात पडलेले भूजचे रुग्णालय न्यूझीलंडच्या तंत्राने, शिसे-रबर बेअरिंगांवर पुन्हा बांधले गेले आणि २००४ मध्ये सुरू झाले.