दुपारी दोनपर्यंतचे बारा तास

ऊसतोडीच्या हंगामात जामखेड तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत येऊ शकेल असा हा दिवस. मुलगा कल्पित आहे. दम्याचा झटका मात्र असाच चढत जातो.

रात्री २. उरले १२ तास.
नऊ वर्षांचा पोरगा खोकत उठून बसतो. आईबाप कारखान्यावर, घरात आजी. पहाटेकडे श्वासनळ्या जास्त आकसतात. खोकल्याने झोप मोडू लागली की दमा हाताबाहेर चालला असे समजावे. आजी काढा देते. "थंडीचा खोकला हाये बाळा, थांबंल."

सकाळी ६. उरले ८ तास.
चुलीत तुराट्या पेटतात, घर धुराने कोंदते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी दोन पंप लिहून दिले होते: एक सूज उतरवणारा, रोजचा, दुसरा धाप लागल्यावरचा. रोजचा संपला तेव्हा मुलगा बरा दिसत होता, शिवाय "पंपाची सवय लागते" असे शेजारणीने सांगितले. दुसरा महागाचा म्हणून ट्रंकेत जपलेला.

सकाळी १०.३०. उरले साडेतीन तास.
परिपाठाआधी वर्ग झाडला जातो, धूळच धूळ. जनरल रजिस्टरमध्ये मुलाची जात आहे, जन्मतारीख आहे, दमा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने तपासले तेव्हा झटका नव्हता, आणि झटका नसताना दमेकऱ्याची छाती स्वच्छ वाजते.

दुपारी १२. उरले २ तास.
धावण्याचा सराव. कोरडी हवा तोंडावाटे आत जाते, धाप लागते. "दमलास? बस जरा." आत्ता धाप लागल्यावरचा पंप हवा होता: एकेक करून चार फवारे, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास, चार मिनिटे थांबून पुन्हा. पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची नळी, म्हणजे स्पेसर, नसला तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटलीही चालते. केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ते तपासून दाखवले.

दुपारी १.१५. उरली ४५ मिनिटे.
खिचडी तशीच. दोन शब्द बोलून तो थांबतो. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. बाई त्याला आडवा निजवतात. खरे तर ताठ बसवायला हवे. निजल्याने श्वास आणखी जड होतो.

दुपारी १.४०. उरली २० मिनिटे.
छातीतली शीळ थांबते. "उतरलं वाटतं," बाई म्हणतात. उतरलेले काही नाही; हवाच आतबाहेर होईना, मग आवाज कशाचा?

दुपारी १.५०. उरली १० मिनिटे.
ओठ निळसर. १०८ ला फोन.

दुपारी २.
गाडी वाटेत आहे. मुलगा हाकेला ओ देत नाही.

जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात आहेत, दम्याने होणारे मृत्यू मात्र ४० टक्क्यांहून अधिक. रोजचा पंप फार थोड्यांपर्यंत पोहोचतो, हे त्याचे एक मोठे कारण. ज्याचे आईबाप फडात, त्याच्यापर्यंत तो सर्वांत शेवटी जातो. याच जामखेडात १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी गावाने निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर बायकांना मुलांचे आजार ओळखायला आणि सांभाळायला शिकवले. मग डीएड झालेल्या शिक्षकाला पंप चालवणे अवघड कसे? कपाटात धाप लागल्यावरचा एक पंप, एक बाटली, रजिस्टरात दम्याचा एक रकाना. यातला रकाना तर उद्याच्या परिपाठाआधीही आखता येईल.